ऐकून शिकलेली फिडल



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून संगीताविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रीच्या अभ्यासवर्गात, युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाशी आणि लोकलच्या डब्यात. संगीताची एकही परीक्षा मी दिलेली नाही. तेव्हा शास्त्राच्या वाटेला मी जाणार नाही. आयर्लंडातील खेड्यांत व्हायोलिनवर नाचाच्या चाली एकमेकांकडून ऐकून शिकण्याची जी जुनी रीत आहे, तेवढ्याविषयीच बोलणार आहे. तिकडे या वाद्याला फिडल म्हणतात. वाद्य तेच, चार तारा त्याच. वाजविणारा कोण आणि कशासाठी वाजवितो यावरून नाव बदलते.

या रीतीशी माझी गाठ पडली ती 1994 च्या सुमारास. शेजारच्या खोलीत जहाजावर काम करणारे रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहात. त्यांनी कोठल्याशा बंदरातून आणलेली एक कॅसेट मला दिली. तीत एकटी फिडल होती. त्या वेळी आमच्या कारखान्यात टर्नरचे काम करणारे एक वयस्क गोवेकर मला व्हायोलिन धरावयास शिकवीत असत. सगळा कारखाना त्यांना अंकल म्हणे. लहानपणी चर्चच्या शाळेत ते स्वरलेखन वाचावयास शिकले होते. ते पाच रेघांचे कागद माझ्यापुढे ठेवीत आणि मला त्या रेघा म्हणजे मुंग्यांची रांग वाटे. मनातून मी शरमत असे. कॅसेट हाती आली तेव्हा वाटले, सुटलो! येथे वाचावयाचे काही नाही, नुसते ऐकावयाचे आहे.

हे काम दिसते तितके अवघड नाही, आणि समजतो तितके सोपेही नाही. आधी सोपी बाजू सांगतो. फिडलच्या चार तारा एकमेकींपासून षड्ज-पंचमाच्या अंतराने लावलेल्या असतात. दुसरी जाड तार मोकळी वाजविली आणि तिला सा मानले, तर तीन बोटांनी रे, ग, म मिळतात. मग शेजारची बारीक तार मोकळी सोडली की प तयारच असतो, आणि तीच तीन बोटे त्याच जागी ठेवली की ध, नि आणि वरचा सा. करंगळीला कामच नाही! दोन तारांवर सबंध सप्तक बसले, हात जागचा हलला नाही, आणि बोटांची ठेवण दोन्ही तारांवर एकच. खेड्यातल्या कितीतरी चाली मुख्यतः या एवढ्या टापूत फिरतात. फार तर वरच्या तारेवर दोन-तीन बोटे जातात.

दुसरी सोय चालीच्या बांधणीत आहे. जिग नावाच्या नाचाची चाल घ्या. तिचा ठेका म्हणजे जवळजवळ आपला दादराच, सहा मात्रांचा, तीन आणि तीन. अशा आठ आवर्तनांचा एक भाग होतो. तो दोनदा वाजवावयाचा. मग दुसरा आठ आवर्तनांचा भाग, तोही दोनदा. एकूण बत्तीस आवर्तने, आणि नाचाच्या गतीने अवघ्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक फेरी संपते. रील नावाच्या चालीचीही रचना साधारण अशीच, फक्त ठेका आठांचा, आपल्या केरव्यासारखा. आता मौज अशी की, पहिल्या भागाचे पाचवे-सहावे आवर्तन पुष्कळदा पहिल्या-दुसऱ्याचीच पुनरुक्ती असते, आणि दोन्ही भागांचा शेवट बहुधा एकच असतो. म्हणजे बत्तीस आवर्तनांची भीती घालणारी चाल उलगडून पाहावी, तर पाठ करावयाची आवर्तने आठ-दहाच निघतात. लावणीचे ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते म्हणूनच आपल्याला सबंध लावणी लक्षात राहते ना? तसेच हे.

म्हणून जाणती माणसे नवशिक्याला सांगतात की वाद्याला हात लावू नकोस. आधी चाल इतक्या वेळा ऐक की ती भाकरी थापताना, बस धरताना आपोआप तोंडात यावी. मग ती गुणगुण. शब्द नसतात, म्हणून आयरिश लोक ‘डिडल, डिडल’ अशा निरर्थक अक्षरांवर चाल म्हणतात. आपला पखवाजी बोल म्हणतो, त्याच जातीचे हे. मग चाल कोठे विसावते ते शोध. आठ आवर्तनांच्या शेवटचा सूर, चौथ्याच्या शेवटचा सूर, हे खांब आधी रोवावे. मधल्या भिंती मागाहून. एका वेळी दोन आवर्तनांपलीकडे जाऊ नये. आणि अलंकार तर अगदी शेवटी. त्यांच्यात ‘कट’ म्हणजे आपला कण, आणि ‘रोल’ म्हणजे मूळ सूर, वरचा, पुन्हा मूळ, खालचा आणि पुन्हा मूळ अशी एक झटपट गिरकी. कागदावर तिच्यासाठी एक लहानशी कमान काढतात. त्या कमानीवरून गिरकी कोणालाही आलेली मी ऐकलेली नाही.

हे सर्व मी कॅसेटवरून स्वतःच शोधून काढले असे समजून मी फुशारलो होतो. दोन वर्षांत सात चाली बसविल्या. पाळी संपल्यावर एका शनिवारी अंकलना वाजवून दाखविल्या. त्यांनी डोळे मिटून सर्व ऐकले आणि म्हणाले, “सूर बरोबर लावतोस रे बाबा. पण ह्याच्यावर नाचणार कोण? पाय कुठे टाकायचा ते सांग बघू.” मला सांगता येईना. अवघड जागी मी नकळत थांबत होतो, सोप्या जागी पळत होतो. आणि गज कोठे वळवावयाचा याचा विचारच केला नव्हता. पायाचा आघात जेथे पडावयाचा तेथे माझा गज नेमका संपत आलेला असे. कॅसेटने मला दोन वर्षांत एकदाही टोकले नव्हते. टोकणार कशी? तिला ऐकू येत नाही.

आज मला जे सांगावयाचे आहे ते येथे आहे. ऐकून शिकणे म्हणजे शिकणाऱ्याने ऐकणे, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच आहे. शिकविणाराही ऐकत असतो. गंमत अशी की कागद वाचणाऱ्या अंकलनाही हीच शिस्त होती. त्यांच्या गोव्यातल्या शाळेत हाती वाद्य देण्यापूर्वी मुलांकडून स्वर तोंडाने म्हणवून घेत, आणि मास्तर एकेकाचे ऐकत. मी ज्याला कागद आणि कान यांचे भांडण समजत होतो ते भांडण नव्हतेच.

आयर्लंडच्या इतिहासातही हेच दिसते. तिकडच्या चालींचा सर्वांत मोठा ग्रंथ शिकागोच्या पोलिसप्रमुखाने केला! फ्रान्सिस ओ'नील हा 1848 साली कॉर्क परगण्यात जन्मला, पोरवयात जहाजावर गेला, पुढे शिकागोच्या पोलिसांत भरती झाला आणि 1901 ते 1905 पर्यंत त्या दलाचा प्रमुख होता. 1904 साली तेथील कत्तलखान्यांच्या कामगारांचा मोठा संप झाला तेव्हा प्रमुख हाच. त्यामुळे माझ्यासारख्याला त्याच्याविषयी प्रेम वाटणे कठीण. पण ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. तो बासरी वाजवी, शेकडो चाली त्याच्या डोक्यात होत्या, मात्र त्याला स्वरलेखन करता येत नव्हते. तो चाल वाजवून दाखवी आणि त्याच आडनावाचा, पण नात्यातला नसलेला, जेम्स ओ'नील नावाचा फिडलवादक ती ऐकून लिहून घेई. 1903 च्या त्यांच्या ग्रंथात 1850 चाली आहेत आणि 1907 च्या ग्रंथात 1001. आपले पंडित भातखंडे हेही व्यवसायाने वकील; गवयांच्या कंठांतल्या चिजा त्यांनी कागदावर उतरविल्या. ओ'नील आणि भातखंडे दोघेही 1936 सालीच वारले. दोघांनीही कागद भरले ते समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून.

त्याहून मला जवळचा वाटतो तो केरी परगण्यातील पॉरिक ओ'कीफ. हा शाळामास्तर होता. 1920 मध्ये नोकरी गेली. मग 1963 साली मरेपर्यंत त्याने डोंगराळ वाड्या पायी तुडवून शेतकऱ्यांच्या मुलांना फिडल शिकविली. त्या मुलांना स्वरलेखन कोठून येणार? त्याने स्वतःची युक्ती काढली. पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा म्हणजे चार तारा, आणि त्यांत लिहिलेला आकडा म्हणजे बोट. मोकळ्या तारेला शून्य. संपले व्याकरण! मूल ते पाहून बोटे ठेवी, पण चाल कशी डुलते हे मास्तरच्या वाजविण्यावरून घेई. डेनिस मर्फी आणि ज्यूलिया क्लिफर्ड ही भावंडे त्याच्याच हाताखाली तयार झाली आणि पुढे त्यांचे वादन देशभर नावाजले गेले.

ध्वनिमुद्रिकांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. स्लायगो परगण्यातला मायकेल कोलमन 1914 साली अमेरिकेस गेला आणि 1921 पासून न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघू लागल्या. त्या समुद्र ओलांडून मायदेशी परत आल्या, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते अशा वादकांनी त्याची एकेक गिरकी उचलली. त्याने केवढा आनंद दिला! पण बहुतेक परगण्यांतून तोच एक ढंग उत्तम, बाकीचे गावठी, असा समज पसरला, आणि कित्येक वादकांना आपल्या बापाचे वाजविणे हलके वाटू लागले. तबकडी अर्ध्या वेगाने फिरविली तर सूर बरोबर एक सप्तक खाली जाई, त्यामुळे शिकणाऱ्याची पंचाईत होई. आजच्या मोबाइलवर सूर तोच ठेवून गती कमी करता येते. मी ती सोय रोज वापरतो, तिची निंदा करणार नाही. फक्त तोही ऐकत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

तिकडे क्लेअर परगण्यात मिलटाउन मलबे नावाचे लहानसे गाव आहे. 1973 पासून तेथे दर वर्षी जुलैत विली क्लॅन्सी या वादकाच्या नावाने उन्हाळी शाळा भरते. गावातल्या मिळेल त्या खोलीत वर्ग बसतात, गुरू दोन आवर्तने वाजवितो, वर्ग ती परत वाजवितो, गुरू कान देतो, पुन्हा वाजवितो. पहिल्या दिवशी बैठकीत जाऊन कोपऱ्यात बसावे, येत नसलेली चाल मोठ्याने बरोबरीने वाजवू नये, हा तिकडचा शिष्टाचार. आपल्याकडे भजनात नवा माणूस आधी टाळ धरून मागे बसतो; त्याला हे सांगावे लागत नाही.

अंकल निवृत्त होऊन म्हापशाकडे गेले. जाण्यापूर्वी दर शनिवारी त्यांनी त्या सातही चाली माझ्याकडून पायाने ठेका धरून घेतल्या. पहिली चाल नीट व्हावयास चार महिने लागले. ती मी आज बरोबर आणली आहे. अध्यक्ष महाराजांच्या परवानगीने ती सावकाश तीनदा वाजवितो. पहिल्या खेपेस आपण नुसते ऐकावे. दुसऱ्या खेपेस पायाने दादरा धरावा, खुर्च्यांचा आवाज झाला तरी चालेल. तिसऱ्या खेपेस गुणगुणावे; मी मधूनच थांबेन, आणि आपण काय म्हणता ते ऐकेन.