थंडीत गाडी किती वेळ ‘गरम’ करायची?

थंडी पडली की सकाळी सोसायटीत गाड्या नुसत्या घुरघुरत उभ्या दिसतात. पाच-दहा मिनिटं गरम केल्याशिवाय गाडी काढायची नाही, हा वडीलधाऱ्यांचा शिरस्ता. कार्बोरेटर आणि चोकवाल्या जुन्या गाड्यांसाठी तो बरोबरच होता, गार इंजिनावर त्या झटके देत बंद पडायच्या. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचं तापमान बघून किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटरच ठरवतो. ऑइलही काही सेकंदांत वरपर्यंत पोहोचतं. अर्धा मिनिट थांबा, बेल्ट लावा, निघा. पहिले काही किलोमीटर मात्र अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबू नका. इंजिन उभ्यापेक्षा चालत्या गाडीत लवकर तापतं. उभ्या गाडीत पेट्रोल फुकट जळतं, ते वेगळंच!

पण खरी भीती दुसरीच आहे. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये किंवा घराला लागून असलेल्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवलं, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं, गुंगी येते आणि माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. पोरांना आत बसवून हीटर लावायची सवय असेल, तर गाडी आधी बाहेर मोकळ्यावर काढा.