महिंद्रा रेसिंग (फॉर्म्युला ई संघ)

महिंद्रा रेसिंग हा मुंबईस्थित महिंद्रा समूहाचा मोटार शर्यतींचा संघ असून तो विजेवर धावणाऱ्या एकासनी गाड्यांच्या 'फॉर्म्युला ई' या जागतिक स्पर्धेत भाग घेतो. २०१४ मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हापासूनच्या संस्थापक संघांपैकी हा एक आहे. मराठवाड्याच्या शिवारात महिंद्राचे नाव ट्रॅक्टरमुळे घरोघरी ठाऊक आहे. याच समूहाची शर्यतीची गाडी इंग्लंडमधील बॅनबरी येथील कार्यशाळेत सिद्ध होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

प्रारंभ व यश

समूहाने प्रथम २०११ मध्ये मोटारसायकलींच्या जागतिक स्पर्धेत पाऊल टाकले. पुढे दोनदा मोटोजीपी विश्वविजेता ठरलेला इटलीचा फ्रान्चेस्को बान्याया याने ग्रां प्री शर्यतीतील आपला पहिला विजय २०१६ मध्ये आसेन येथे महिंद्राच्याच मोटारसायकलीवर मिळवला होता.

फॉर्म्युला ई मध्ये संघाची पहिली शर्यत सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंग येथे झाली. करुण चंढोक व ब्रूनो सेना हे पहिले चालक. पहिला विजय जून २०१७ मध्ये बर्लिन येथे स्वीडनच्या फेलिक्स रोसेनक्विस्टने मिळवून दिला आणि त्या हंगामात संघ तिसऱ्या स्थानी राहिला. त्यानंतर उतरण लागली. २०१९-२० मध्ये संघ नववा आला.

चाचण्यांवरील निर्बंध

संघाच्या पुढील हलाखीचे कारण समजण्यासाठी स्पर्धेचे नियम पाहिले पाहिजेत. एकेकाळी फॉर्म्युला वन मधील धनाढ्य संघ वर्षभर हवा तेवढा सराव करीत. फेरारीला तर फियोरानो येथे स्वतःचा ट्रॅक होता. खर्च हाताबाहेर गेल्यावर २००९ पासून तेथे हंगामातील खुल्या चाचण्या बंद करण्यात आल्या. फॉर्म्युला ई ने आरंभापासूनच काटकसरीचे धोरण ठेवले. बहुतेक शर्यती शहरांतील तात्पुरत्या रस्त्यांवर होतात. असा रस्ता शर्यत संपताच वाहतुकीला खुला होतो, त्यामुळे त्यावर आधी सराव करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हंगामापूर्वी सर्व संघांची काही दिवसांची सामायिक चाचणी आणि प्रत्येक उत्पादकाला मोजके खाजगी दिवस, एवढेच हाती असते.

याहून जाचक नियम गोठवणुकीचा आहे. गाडीचा सांगाडा, बॅटरी व टायर सर्वांना सारखेच पुरवले जातात. उत्पादकाने स्वतः करावयाचा भाग म्हणजे मुख्यतः मागची मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि मागचे सस्पेंशन. हा भाग एकदा प्रमाणित करून घेतला की दोन हंगाम त्यात बदल करता येत नाही. आराखड्यात चूक राहिली तर ती दोन वर्षे सोबत वागवावी लागते. मोकळीक उरते ती सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिचे मोल कमी नाही. तिसऱ्या पिढीच्या गाडीत मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक ठेवलेले नाहीत. वेग कमी करण्याचे काम मोटर करते व तीच वीज बॅटरीत परत साठते. ती किती व केव्हा साठवावी हे सॉफ्टवेअर ठरवते.

पडझड

तिसऱ्या पिढीच्या गाडीसाठी बांधिलकी जाहीर करणारा महिंद्रा हा पहिला उत्पादक होता. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सिटी येथे लुकास डी ग्रासी अग्रस्थानावरून सुटून तिसरा आला, तेव्हा सारे आलबेल वाटले. पुढच्याच महिन्यात हैदराबादला भारतातील पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली आणि त्यानंतर पंधरवड्यात केप टाउन येथे नामुष्की ओढवली. मागच्या सस्पेंशनच्या सुरक्षिततेविषयी शंका निर्माण झाल्याने महिंद्राला आपल्या गाड्या मागे घ्याव्या लागल्या. महिंद्राचीच यंत्रणा विकत घेणाऱ्या जर्मनीच्या आब्ट संघावरही तीच वेळ आली. महिनाभराने साओ पाउलो येथे दोन्ही संघ पुन्हा उतरले.

मूळ दोष मात्र वेगळा होता: गाडी वीज जास्त खात असे. एप्रिलमध्ये बर्लिनच्या ओल्या रस्त्यावर पात्रता फेरीत आब्टच्या दोन्ही गाड्या पहिल्या रांगेत आल्या, पण विजेची काटकसर करावी लागणाऱ्या शर्यतीत त्यांना ती आघाडी टिकवता आली नाही. एका फेरीपुरता वेग कमी नव्हता, हे यावरून दिसते. हंगामाच्या मध्यावर ऑलिव्हर रोलंड संघ सोडून गेला. अकरा संघांत महिंद्रा दहावा राहिला.

पुनर्बांधणी

संघाची धुरा याआधीच फ्रेडरिक बर्ट्रांड यांच्याकडे आली होती. ते पूर्वी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघात फॉर्म्युला ई चेच काम पाहत, म्हणजे नियम राबवणारा माणूस आता त्याच नियमांच्या चौकटीत संघ उभा करू लागला. गोठवलेले यंत्र बदलता येत नव्हते, म्हणून माणसे, सॉफ्टवेअर आणि सिम्युलेटरवरील काम यांकडे लक्ष वळले. २०२०-२१ चा विजेता निक डी फ्रीस आणि त्याच हंगामातील उपविजेता एदोआर्दो मोर्तारा असे दोन नवे चालक घेतले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅलेन्सिया येथील सामायिक चाचणीत बॅटरीला आग लागून वेळापत्रक विस्कटले. आधीच अपुरे असलेले दिवस आणखी घटले आणि नव्या जोडीला गाडीची ओळख करून घेण्याची संधी आखडली. २०२३-२४ चा हंगाम दहाव्या स्थानावरच संपला. याला अपयश म्हणणे सोपे आहे. पण त्या वर्षी तीच जुनी यंत्रणा वापरणे भाग होते, हे विसरता येत नाही.

२०२४-२५ साठी नवी यंत्रणा प्रमाणित करण्याची मुभा मिळाली आणि 'एम११ इलेक्ट्रो' ही गाडी त्यातून साकारली. पुराने ग्रासलेल्या व्हॅलेन्सियाऐवजी त्या वेळची सामायिक चाचणी माद्रिदजवळील हारामा येथे झाली. चालकांची जोडी तीच होती. त्या हंगामाअखेर महिंद्रा चौथ्या स्थानी पोहोचला; मागील दोन वर्षांच्या मानाने ही सहा पायऱ्यांची चढण होती. २०२६-२७ पासून येणाऱ्या चौथ्या पिढीच्या गाडीसाठीही संघाने नाव नोंदवले असून तिच्यात चारही चाकांना सतत शक्ती पुरवण्याची व्यवस्था आहे.