वेग स्वस्त झाला, हॉट हॅच महागली

२००२ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर मायकेल शूमाकरने सचिन तेंडुलकरच्या हाती लाल फेरारी ३६० मोडेनाची चावी दिली. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी सचिनने बरोबरी केली, त्याची ती भेट. पुढे आयातशुल्काच्या माफीवरून वाद झाला, शेवटी ते शुल्क फियाटने भरलं आणि त्या निमित्ताने या गाडीचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. ३.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभरवर साडेचार सेकंदांत. गाड्यांचं वेड असलेल्या पोरांना हे आकडे तोंडपाठ होते.

२०२१ च्या नोव्हेंबरात मर्सिडीजने भारतात एएमजी ए ४५ एस आणली. पाच दरवाजे, मागच्या सीटवर आईवडील बसू शकतील एवढी जागा, डिकीत बॅगा. इंजिन फक्त दोन लिटरचं, चार सिलिंडरचं. ताकद ४२१ हॉर्सपॉवर आणि शून्य ते शंभर ३.९ सेकंद. म्हणजे वीस वर्षांत एका हॅचबॅकने सचिनच्या फेरारीला कागदावर मागे टाकलं. किंमत मात्र ७९.५ लाख, एक्स-शोरूम.

नवी हॉट हॅच आणि जुनी परफॉर्मन्स कार यांची तुलना बहुतेक वेळा अशी आकड्यांवर होते आणि आकड्यांवर नवी गाडी जिंकते. त्यात शंका घ्यायला जागा नाही. पण हॉट हॅच ही कल्पना मुळात सर्वात वेगवान गाडी बनवण्यासाठी जन्मली नव्हती. रोज कामावर न्यायची, दळण आणायची, पोरांना शाळेत सोडायची जी गाडी, तिच्यातच रविवारी पहाटे घाटात हसू फुटावं आणि ती पगारदार माणसाच्या कर्जाच्या हप्त्यात बसावी, एवढीच तिची मागणी होती. त्या मागणीवर जुन्या-नव्याची तुलना केली की निकाल वेगळा लागतो. पुण्याजवळच्या चऱ्होलीत बसून ही तुलना करणं मला जास्त खरं वाटतं, कारण इथून वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत पिंपरी, भोसरी, कुरुळी, निघोजे, खराबवाडी आहे. या गाड्या बनवणारे हात इथे राहतात.

सुरुवात १९७६ पासून करावी लागते. फोक्सवॅगनने साध्या गोल्फमध्ये १५८८ सीसीचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवलं, ११० हॉर्सपॉवर काढली आणि जीटीआय असं नाव दिलं. रेसिंगच्या नियमांत बसण्यासाठी पाच हजार गाड्या खपवायच्या, एवढाच हिशेब होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. ती गाडी जेमतेम सव्वाआठशे किलोची होती. शून्य ते शंभरला तिला नऊ सेकंदांहून थोडं जास्त लागायचं. त्या काळात वेग म्हणजे मोठं इंजिन आणि मोठा पैसा असं समीकरण होतं. गोल्फने ते मोडलं ते हलकेपणाच्या जोरावर.

त्याच काळात आपल्याकडे काय होतं? कुर्ल्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी, १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. परफॉर्मन्स कार विकतच मिळत नव्हती, ती घडवून घ्यावी लागायची. इंजिनाचं हेड उतरवून ते घासायला टाकायचं. पृष्ठभाग अगदी थोडा घासला की ज्वलनाची जागा लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये धक्का जोराचा बसतो. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागायची भीती आणि नॉकिंग वेगळंच. मग दुसरा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर, टायमिंग थोडं पुढे. हे सगळं कानाने आणि हाताने. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशाच हाताने घडवलेल्या गाड्या पळायच्या. १९८५ मध्ये प्रीमिअरने ११८ एनई आणली. तिच्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं, ५२ हॉर्सपॉवरचं, आणि गिअर खाली, दोन सीटच्या मध्ये. आज हा आकडा एखाद्या साध्या हॅचबॅकलाही शोभणार नाही, पण पद्मिनीवरून तिच्यात बसणाऱ्याला पिकअप म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं.

आपल्या मातीतली पहिली खरी हॉट हॅच माझ्या मते २००१ ची फियाट पॅलिओ १.६. तीही कुर्ल्याचीच. शंभर हॉर्सपॉवर, जाड पत्रा, जड स्टिअरिंग, रस्त्याला चिकटून बसणारं सस्पेन्शन. जाहिरातीत पुन्हा सचिनच. तिचं अॅव्हरेज इतकं कमी होतं की घरातून विरोध व्हायचा, आणि सर्व्हिस सेंटर शोधत फिरावं लागायचं. तरी ज्यांनी ती चालवली ते अजून तिच्याविषयी बोलतात. २००४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातून स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली. १.८ लिटर टर्बो, दीडशे हॉर्सपॉवर. दिसायला सेडान, पण डिकी काचेसकट उघडणारी. तिने टर्बोची चव महाराष्ट्राला लावली.

टर्बोने नेमकं काय बदललं, हे फेरारी आणि आजची गोल्फ जीटीआय शेजारी ठेवली की लख्ख दिसतं. ३६० मोडेनाचा टॉर्क ३७३ न्यूटन मीटर, तो ४,७५० आरपीएमला मिळतो आणि पूर्ण ताकद थेट ८,५०० ला. २०२५ च्या मे महिन्यात भारतात आलेल्या गोल्फ जीटीआयचा टॉर्क ३७०, जवळजवळ तेवढाच, पण तो दीड-पावणेदोन हजार आरपीएमपासूनच हाताशी असतो. एक्झॉस्टमधून वाया जाणारा धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं, त्यामुळे लहान इंजिन मोठ्या इंजिनाएवढा श्वास घेतं. जुन्या टर्बोत हे चक्र फिरायला वेळ लागायचा. पाय दाबला की आधी काहीच नाही आणि मग एकदम पाठीत धक्का. नव्यात ही दिरंगाई जवळपास संपली. आळंदी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं तर फेरारीचा ड्रायव्हर दोन गिअर खाली येईल. गोल्फवाल्याने पाय थोडा जास्त दाबला तरी पुरतं. सोय म्हणून नवी गाडी पुढे आहे, यात वाद नाही. पण दोन गिअर खाली येणं हाच ज्याचा आनंद आहे, त्याच्या हातून काहीतरी गेलंय, हेही तितकंच खरं.

या टापूचा सुवर्णकाळ माझ्या मते २०१३ ते २०२२. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तिथून पोलो निघू लागली. २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली. १,१९७ सीसी टर्बो, १०५ हॉर्सपॉवर, सात गिअरचं डीएसजी ऑटोमॅटिक, किंमत ७.९९ लाख. शून्य ते शंभर ९.७ सेकंद. पहिल्या गोल्फ जीटीआयच्या मागे जेमतेम अर्ध्या सेकंदाने, आणि तीही चाकणला बनलेली! त्याच साली पोलो जीटी टीडीआयही आली, २५० न्यूटन मीटरचं डिझेल. हायवेला ती अशी ओढायची की मोठ्या गाडीवाल्यांनी आरशात बघून वाट द्यावी. २०१५ मध्ये रांजणगावहून फियाटने अबार्थ पुंटो काढली. १.४ लिटर टी-जेट, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत ९.९५ लाख. शून्य ते शंभर ८.८ सेकंद. दहा लाखांच्या आत, पुणे जिल्ह्यात बनलेली आणि मूळ जीटीआयपेक्षा वेगवान.

अबार्थ ताम्हिणी घाटात चालवून पाहिली की तिचं वैशिष्ट्य कळतं. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना दोन हजाराच्या खाली इंजिन गप्प असतं. सुई तिथून वर सरकली की पुढची चाकं डांबर खरवडायला लागतात आणि स्टिअरिंग हातात थरथरतं. ते स्टिअरिंग हायड्रॉलिक, त्यामुळे खडी कुठे आहे आणि रस्ता कुठे गुळगुळीत झालाय ते बोटांना समजतं. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये हा निरोप बहुतेक वेळा वाटेतच गाळला जातो. तिचा ग्राउंड क्लीअरन्स मात्र १५५ मिलिमीटर. चऱ्होली फाट्यापासून गावात येईपर्यंतच्या स्पीडब्रेकरांवर ती तिरकी घालावी लागते, नाहीतर पोट घासतंच. पोलो याबाबतीत जास्त शहाणी गाडी होती. मला विचाराल तर २०२० नंतरची १.० टीएसआय पोलो, ११० हॉर्सपॉवर आणि सहा गिअरचं मॅन्युअल, हीच आपल्याकडची सर्वांत समतोल हॉट हॅच. अबार्थवर जीव जडतो. पण पोलो रोज सकाळी कामावर नेता येते आणि संध्याकाळी तिच्यातून उतरावंसं वाटत नाही.

जुन्याची बाजू घेताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लहान गाड्या आपटून पाहिल्या, त्यांत बिगर-एअरबॅगची पोलोही होती. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. फोक्सवॅगनने मग दोन एअरबॅग सर्व पोलोंना दिल्या आणि त्या गाडीला चार तारे मिळाले. पॅलिओ, ११८ एनई यांच्या काळी तर हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. पिंपरीत बनणाऱ्या टाटाच्या अल्ट्रोझला २०२० मध्ये पाच तारे, चाकणच्या फोक्सवॅगन व्हर्टसला २०२३ मध्ये पाच तारे. जुन्या गाडीचा हलकेपणा आपल्याला आवडतो, पण त्यातला काही हलकेपणा म्हणजे न बसवलेलं पोलाद आणि न बसवलेल्या एअरबॅग होत्या. घाटात पोराला शेजारी बसवून जुनी गाडी जोरात हाकणाऱ्याने हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

मग या गाड्या गेल्या कुठे? लोकांना नको होत्या, हे उत्तर मला पटत नाही. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तर करात सवलत, हा नियम २००६ पासून आपल्या सगळ्या लहान गाड्यांना आकार देत आलाय. पोलो जीटी टीएसआय त्यात नेमकी बसली. अबार्थचं १.४ लिटर बाहेर राहिलं आणि कराचा सगळा भार तिच्यावर आला. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले. लहान डिझेल स्वच्छ करण्याचा खर्च परवडेना म्हणून जीटी टीडीआय गेली, फियाट तर त्याआधीच बाजारातून उठली. टाटा आणि कोइम्बतूरच्या जयेमने मिळून २०१८ मध्ये काढलेली टियागो जेटीपी, ११४ हॉर्सपॉवर आणि ६.३९ लाख, दोन वर्षांत गुंडाळली गेली. २०२२ मध्ये पोलोही संपली. ग्राहक उंच गाडीकडे वळला होता, आणि हॅचबॅकपेक्षा कंपनीला उंच गाडीतून नफा जास्त मिळत होता. २०२४ च्या जूनमध्ये पिंपरीतून अल्ट्रोझ रेसर आली, १२० हॉर्सपॉवर, सहा गिअर मॅन्युअल, साडेनऊ लाखांपासून. गाडी मनापासून बनवली होती, तिची मी बाजू घेतो. पण या टापूत बनणाऱ्यांच्या यादीत ती एकटी उरली होती.

वरच्या टोकाला मात्र रेलचेल आहे. एका कंपनीला वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत इथली वेगळी मंजुरी न घेता आयात करता येते. त्या वाटेने गोल्फ जीटीआय आली, २६५ हॉर्सपॉवर, ५.९ सेकंद, ५३ लाख. पहिल्या खेपेच्या दीडशे गाड्या हातोहात गेल्या. तिचं वजन पहिल्या जीटीआयपेक्षा सहाशेएक किलो जास्त. आणि वेगच हवा असेल तर चाकणलाच महिंद्राची बीई ६ बनते, इलेक्ट्रिक, मोठ्या बॅटरीसह २८६ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ६.७ सेकंद, आली तेव्हा लहान बॅटरीसह सुरुवात १८.९ लाखांपासून. दर हॉर्सपॉवरमागे हा वेग गोल्फच्या मानाने कितीतरी स्वस्त. फक्त ती दोन टनांच्या आसपासची गाडी आहे, आणि वळणात दोन टन लपत नाहीत.

चऱ्होलीहून चाकणला कामाला जाणाऱ्याला गर्दीच्या वेळी मोशी, आळंदी फाटा, तळेगाव चौक पार करायचे असतात. ३.९ सेकंदांत शंभर गाठणारी गाडी तिथे आपल्या दहाव्या भागानेही वापरली जात नाही. पॅलिओ किंवा पोलोसारखी गाडी मात्र चाळीस ते ऐंशीच्या टप्प्यात पूर्ण वापरता येते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन खेचावं, तिसऱ्यात टाकावं, आणि तरी कायद्याच्या आत राहावं. जुन्या परफॉर्मन्स कारची खरी श्रीमंती हीच होती की तिची मर्यादा आपल्या रस्त्यांच्या मर्यादेजवळ होती. नव्या गाडीची मर्यादा गाठायला ट्रॅकच लागतो.

म्हणूनच जुन्या पोलोंचे भाव टिकून आहेत. घेणाऱ्याने सर्व्हिसची वही पाहावी, डीएसजी असेल तर गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के देते का ते स्वतः चालवून पाहावं, कारण त्या ड्राय क्लचला आपली गर्दी मानवत नाही. टर्बोची शिट्टी ऐकावी, एक्झॉस्टमधून निळा धूर येतो का ते बघावं. पॅलिओ घ्यायची तर पंधरा वर्षांनंतरचं पासिंग आणि हरित कर यांचा हिशेब आधी करावा. २०१५ च्या अबार्थ २०३० मध्ये त्याच रांगेत येतील, आणि सुटे भाग तोवर आणखी दुर्मिळ होतील.

जुन्या गाड्या सांभाळणं हा मात्र निम्माच उपाय आहे. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल गाडीवरचा जीएसटी, सेस धरून जो २९ टक्के पडायचा, तो १८ झाला. चाकणच्याच लाइनवर स्कोडाची कायलॅक बनते. चार मीटरच्या आत लांबी, एक लिटर टीएसआय, ११५ हॉर्सपॉवर, १७८ न्यूटन मीटर, सहा गिअर मॅन्युअल, आणि २०२४ च्या अखेरीस आली तेव्हा सुरुवातीची किंमत ७.८९ लाख. इंजिन इथलं, गिअरबॉक्स इथे बसतो, कर कमी झालाय, आणि ते इंजिन पोलोत कसं पळतं हे इथल्या माणसांना माहीत आहे. आता यावर वीतभर बुटकी, शंभर किलो हलकी पाच दरवाज्यांची बॉडी चढवून दहा-अकरा लाखांत द्यायची, एवढंच काम बाकी आहे.