ब्रेकचा तांबडा दिवा

किल्ली फिरवताच क्षणभर पेटून विझणारा ब्रेकचा तांबडा दिवा एखाद्या दिवशी विझतच नाही. ‘दिवाच बिघडला असेल’ असे म्हणून चालक मार्गस्थ होतो. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु असे म्हणण्याचा अधिकार परीक्षेनंतरचा, आधीचा नव्हे.

हा दिवा स्वतः ब्रेक तपासीत नाही. बहुतेक साध्या मोटारींत त्याला दोन ठिकाणांहून वर्दी मिळते : हातब्रेकच्या दांडीजवळील छोट्या स्विचकडून, आणि ब्रेकच्या तेलाच्या डबीतील फ्लोटकडून. दांडी वर ओढलेली असली किंवा तेल उतरून फ्लोट खाली गेला, की विद्युत्मंडल पूर्ण होऊन दिवा लागतो. वर्दी कोणाची, हे मात्र तो सांगत नाही.

म्हणून पहिली परीक्षा पायाची. पेडल नेहमीसारखे घट्ट न लागता मऊ पडून खाली जात असेल, तर गाडी तेथून हलवूच नये. पेडल ठीक असल्यास डबीवरील दोन खुणांमध्ये तेल आहे की नाही ते पाहावे. केवळ वळणावर वा उतारावर दिवा चमकत असेल, तर तेल बहुधा खालच्या खुणेशी आलेले असते. अशा वेळी तेल ओतून दिवा विझविणे ही सर्वांत फसवी दुरुस्ती होय. ब्रेकचे तेल इंजिनच्या तेलासारखे जळून जात नाही. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि त्यामागची जागा भरावयास तेल उतरते. नाहीतर ते कोठेतरी गळत असते. चाकांच्या आतील बाजूस ओल आहे काय, हे पाहिल्यावाचून डबीला हात लावू नये. आणि इंजिनचे तेल तर तीत चुकूनही ओतू नये. त्याने आतील रबर फुगते व ब्रेक निकामी होतात.

तेल पुरेसे असल्यासच संशय तारांवर घ्यावा. हातब्रेक सोडून दांडी आणखी थोडी खाली दाबावी. दिवा विझल्यास स्विच जागचा सरकला आहे. न विझल्यास गाडी उभी असतानाच डबीची तार सुटी करावी. आता विझला, तर दोष फ्लोटचा. दोन्ही तारा सोडूनही तो पेटलेलाच राहिला, तर एखादी तार आवरण खरचटून सांगाड्याला टेकलेली असावी. संगणकाने चालणाऱ्या नव्या मोटारींत मात्र हे काम तपासणी-यंत्रावाचून होत नाही.

किल्ली फिरवूनही जो दिवा मुळी लागतच नाही, त्याची तक्रार सहसा कोणी करीत नाही. त्याचा बल्ब त्याच दिवशी पाहावा.