लेणी, स्पर्श आणि समता

प्राचीन लेण्यांना प्रेक्षकांनी हात लावावा की नाही, हा प्रश्न वरकरणी पुरातत्त्व खात्याचा वाटतो. आपल्या समाजाच्या दृष्टीने मात्र त्याला आणखी एक बाजू आहे. १९३४ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. तेथील हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले म्हणून गदारोळ झाला. अखेर आतील पाण्यास शिवावयाचे नाही या अटीवर, सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहू दिला गेला. हा इतिहास ठाऊक असलेल्यास 'हात लावू नये' ही पाटी बोचणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तिच्यामागील कारण समजून घेतले पाहिजे.

अजिंठ्याची चित्रे थेट खडकावर काढलेली नाहीत. माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवून दिलेले रंग, अशी त्यांची रचना आहे. रंग गिलाव्यात मुरलेला नसल्याने हाताचा घाम, तेल व क्षार त्यास बाधतात. धूळ चिकटते, पापुद्रे सुटतात. १८१९ साली जॉन स्मिथ याने दहाव्या लेण्यातील स्तंभचित्रावर खरडलेले नाव आजही दिसते. सद्हेतूचा स्पर्शही निर्दोष ठरतोच असे नाही. १९२० नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर चढविलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले.

कार्ल्याचा पाषाण टणक आहे, परंतु तेथील ब्राह्मी अक्षरे उथळ कोरलेली आहेत. धेनुकाकटचा गांधी सिंहदत्त याचे दान आपणास त्या अक्षरांमुळेच ठाऊक आहे. वाचनासाठी त्यांत खडू भरणे वा तेल चोळणे म्हणजे आपल्याच पूर्वसूरींची साक्ष पुसणे होय.

दौलताबादची बंदी जन्मावरून माणसास अपवित्र ठरविणारी होती. लेण्यांतील बंदी कोणालाही अपवित्र मानीत नाही. ती सर्वांच्या हातांना सारखीच लागू आहे. मात्र ती खरोखरच सारखी असली पाहिजे. उपासकाने दूर उभे राहावे आणि मंत्र्याने वा शेंदूर फासणाऱ्याने मूर्तीस हात लावावा, असे घडल्यास नियमाचे नैतिक बळ संपते. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरली. तिची अंमलबजावणी निःपक्षपाती व्हावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

अंध बांधवांना मात्र स्पर्श हीच दृष्टी असते. त्यांच्यासाठी व बालकांसाठी चैत्य, स्तूप आणि शिलालेख यांच्या प्रतिकृती विहारांतून ठेवता येतील.

चरणस्पर्शावाचून वंदना अपुरी राहते, असे काही उपासकांना वाटते. परंतु धम्माप्रमाणे आचरण हीच तथागताची सर्वश्रेष्ठ पूजा, असे महापरिनिब्बान सुत्त सांगते. हात जोडून केलेली वंदना पूर्णच असते, आणि ती पुढील पिढीसाठी लेणे शाबूत ठेवते.