झोपेची गोळी, झोप उडवणारा कायदा

‘एक पत्ता पाठव ना रे, आपले काका कुठे चिठ्ठी मागतात!’ ही रिक्वेस्ट वाटते तेवढी साधी नाहीये.

टार्गेट, रिव्ह्यू, ईएमआय, ब्रेकअप. रात्रीचे दोन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. मग आठवतं ते गावाकडचं मेडिकल. पुण्यातला केमिस्ट चिठ्ठी मागतो. मुदखेडला काय, सगळेच ओळखीचे! भावाला फोन जातो, नांदेडहून कुणीतरी निघणारं असतंच आणि सोमवारी अल्प्राझोलमचा पत्ता तुमच्या ड्रॉवरमध्ये. सिंपल!

सिंपल नाही, बॉस. यात तुम्ही, भाऊ आणि काका असे तिघंही अडकू शकता.

लाल चौकट वाचलीये कधी?

पत्त्यावर लाल चौकटीत एक सूचना असते. हे ‘शेड्यूल एच-१’, लागू १ मार्च २०१४ पासून. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन ही सगळी मंडळी याच यादीत. औषध कुणी लिहून दिलं, कुणाला दिलं, किती दिलं, हे केमिस्टनं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हे केलं नाही तर काकांचं लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, रद्दही होऊ शकतं.

आणि चिठ्ठी म्हणजे काही रिचार्ज कूपन नाही. डॉक्टरांनी ‘पुन्हा द्या’ असं लिहिलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. व्हिडिओ कॉलवर लिहून घेऊ म्हणाल, तर २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत. अल्प्राझोलम त्यातलंच.

१० चे ३० केले, तर?

मोबाइलवर तारीख बदलायची, १० गोळ्यांच्या ३० करायच्या, एकच चिठ्ठी चार मेडिकलमध्ये फिरवायची. ‘स्वतःसाठीच तर घेतोय,’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. पण चिठ्ठीतला आकडा बदलला की ते बनावट कागदपत्र. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ नुसार बनावटगिरीला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि हेतू फसवणुकीचा असेल तर सात वर्षांपर्यंत. दुसऱ्यानं बनवलेली चिठ्ठी बनावट आहे हे माहीत असून काउंटरवर सरकवली, तरी शिक्षा तीच. शिवाय कोर्टात केस सुरू असेल तर पासपोर्ट अडकतो. ऑनसाइटचं स्वप्न तिथंच थांबलं!

वजन सगळ्या गोळीचं

खरा धक्का पुढे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, अल्प्राझोलमची ‘अल्प मात्रा’ ५ ग्रॅम. तिथपर्यंत एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यावर, १०० ग्रॅमच्या आत, दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ‘अर्धा मिलिग्रॅमच्या गोळ्या ५ ग्रॅम व्हायला दहा हजार लागतील,’ असा हिशेब कुणी करेल. पण २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की मिश्रणातल्या इतर पदार्थांचंही वजन धरायचं. समजा एक गोळी १०० मिलिग्रॅमची असेल, तर ५० गोळ्या म्हणजेच ५ ग्रॅम! विकणं, विकत घेणं, बाळगणं, नेणं हे सगळं एकाच कलमात येतं. त्यामुळे ‘मी फक्त पाठवलं’ म्हणून भावाची सुटका नाही. स्वतःच्या उपचारासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेणाऱ्यानं मात्र घाबरायचं कारण नाही. फक्त चिठ्ठी जवळ ठेवा.

निजामाबाद लांब नाही

मालेगावात याच अल्प्राझोलमला ‘कुत्ता गोली’ म्हणतात, तर छत्रपती संभाजीनगरात नशेच्या गोळ्यांचं नाव ‘बटन’. मुदखेड जंक्शनवरून एक रूळ निजामाबादकडे जातो. त्या तेलंगणात ताडीत अल्प्राझोलमची भेसळ हे जुनं दुखणं. २०१५ मध्ये सरकारनं भेसळीवर कारवाई केली, ताडीतलं औषध एकदम बंद झालं आणि शेकडो लोक थरथर, भ्रम, झटके अशा त्रासानं हॉस्पिटलात पोचले. त्यांना आपण औषध घेतोय हेच ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे, एवढाच फरक.

म्हणूनच, हे वाचून आजच गोळ्या कचऱ्यात टाकू नका! रोज घेत असाल तर एकदम बंद करणं धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. डोस हळूहळू कमी करावा लागतो, आणि तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

मदत हवीये?

• टेलि-मानस: १४४१६. मनावरच्या ताणासाठी, २४ तास, मोफत.
• व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६.
• नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुणेकरांसाठी १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण.
• पोलिसांची भीती वाटते? व्यसनी व्यक्तीनं स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात एनडीपीएसचं कलम ६४-अ संरक्षण देतं. उपचार मात्र अर्धवट सोडायचे नाहीत.