प्रथमोपचाराची पेटी : फडापासून गव्हाणीपर्यंत



बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले की आपणा सर्वांचे लक्ष तोडीच्या कार्यक्रमाकडे लागते. लागणीची नोंद कोणत्या तारखेची, आपला नंबर केव्हा, टोळी कुठली, गाडी कोणाची, काट्यावर वजन किती भरले, हीच बोलणी पारावर चालू होतात. ती व्हायलाच हवीत. पण ऊस फडातून निघून गव्हाणीत पडेपर्यंत त्याच्याबरोबर माणसेही असतात. कुणी पहाटेच्या अंधारात कोयता चालवते, कुणी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, कुणी रात्री भरलेली गाडी ओढत आणते. यांपैकी एखाद्याला इजा झाली तर दवाखाना गाठेपर्यंत आपण त्याच्यासाठी काय करू शकतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

फड काही डांबरी रस्त्याला लागून नसतो. पाटाची कड, मग पाणंद, मग गाडीवाट. १०८ नंबरची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ सालापासून धावते. तिचा उपयोग मोठा आहे, पण ती आली तरी फडापर्यंत पोचायला वेळ हा लागणारच. मोठी शीर तुटली तर रक्त मात्र कुणाची वाट बघत नाही. काही मिनिटांत माणूस हातचा जाऊ शकतो. पेटी लागते ती या मधल्या वेळासाठी. ती म्हणजे छोटा दवाखाना नव्हे. माणूस आहे त्याहून अधिक बिघडू न देता डॉक्टरांच्या हवाली करणे, एवढेच तिचे काम. हे ध्यानात ठेवले की पेटीत काय घालायचे आणि काय नाही, ते आपोआप ठरते.

पेटी आहे, पण आत काय?

तयार प्रथमोपचार पेटी प्रथम कष्टकऱ्यांसाठीच निघाली. अमेरिकेत रेल्वेची कामे गावापासून, डॉक्टरांपासून फार लांब चालत. त्या कामगारांसाठी १८८८ साली जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने अशी पेटी बाजारात आणली. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नव्या गाडीबरोबर पेटी देण्याची तरतूद आहे. म्हणजे ट्रकला पेटी मिळते. पण जुन्या ट्रॅक्टरचे, ट्रॉलीचे आणि टायरगाडीचे काय?

यार्डात नंबर लावून उभ्या असलेल्या काही गाड्यांच्या पेट्या आम्ही चालकांना विचारून उघडून पाहिल्या. एकीत पंक्चरचे सोल्यूशन आणि फ्यूज. दुसरीत तंबाखूची पुडी, काडेपेटी आणि देवाचा अंगारा. तिसरीत पट्टी होती, पण ती ग्रीसने काळी झालेली, आणि मलमाची मुदत कधीच उलटून गेलेली. चालकांना दोष देण्याचे कारण नाही. पेटी कशाने भरायची हे त्यांना कुणी कधी सांगितलेलेच नाही.

पेटीत काय असावे

एका गाडीला, म्हणजे साधारण पाच-सात माणसांना, पुरेल असे सामान पुढीलप्रमाणे. तालुक्याच्या कोणत्याही औषध दुकानात ते मिळते.

१) बंद पाकिटातले निर्जंतुक गॉजचे तुकडे : मोठे २०
२) गुंडाळी पट्ट्या (रोलर बँडेज), १० आणि १५ सेंटिमीटर रुंदीच्या : प्रत्येकी ६
३) त्रिकोणी पट्टे : ४
४) लवचिक पट्टी (क्रेप बँडेज) : २
५) चिकटपट्टीचा रोल १, लहान जखमेच्या पट्ट्या २०
६) रबरी हातमोजे : ४ जोड
७) बोथट टोकाची कात्री आणि एक चिमटा
८) जखम व डोळे धुण्यासाठी सलाइनची बंद बाटली, ५०० मि.लि.
९) पोव्हिडोन आयोडीन मलम : १ ट्यूब
१०) ओआरएसच्या पुड्या ६, पॅरासिटामोलच्या गोळ्या १०
११) स्वच्छ प्लॅस्टिक पिशव्या, पेन्सिल आणि कागद
१२) बॅटरी. तिचे सेल वेगळे ठेवावेत, म्हणजे गळून बॅटरी खराब होत नाही.

पेटीच्या बाहेर, पण गाडीतच, एक जाड चादर, हातभर लांबीच्या दोन सपाट फळ्या आणि रस्त्यावर ठेवायचा चमकणारा त्रिकोण असावा. रात्री बिघाड होऊन उभी राहिलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. त्रिकोण वेळेवर ठेवला तर पेटी उघडण्याची पाळीच येणार नाही.

त्रिकोणी पट्टा दिसायला साधा कापडाचा तुकडा, पण हात गळ्यात अडकवायला, डोक्याची पट्टी बांधायला आणि फळ्या आवळायला तोच चालतो. जर्मन शल्यविशारद एस्मार्क यांनी एकोणिसाव्या शतकात तो सैनिकांत रूढ केला. घरचे धुतलेले धोतर वा सुती साडी कोनातून फाडली तरी दोन पट्टे तयार होतात.

कोणत्या वेळी काय करावे

कोयत्याची जखम. हातमोजे घालून जखमेवर गॉजची जाड घडी ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबून धरा. घड्याळ लावून दहा मिनिटे. मध्येच उचलून बघू नका. धरलेले रक्त पुन्हा सुटते. गॉज भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा, दाब वाढवा, मग पट्टी बांधा. हातापायातून चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच शेवटचा उपाय म्हणून जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, निदान दीड-दोन इंच रुंद पट्टा बांधून त्यात काठी घालून पिळा. बांधल्याची वेळ कागदावर लिहा. पट्टा दवाखान्यातच सोडायचा. सुतळी वा तार मुळीच वापरू नका, ती मांसात रुतते.

बोट तुटले तर. तुटलेले बोट टाकून देऊ नका. सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ते प्लॅस्टिक पिशवीत घाला, तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते खराब होते. रोग्याबरोबरच बोटही दवाखान्यात गेले पाहिजे.

फळीवरून पडणे, चाकाखाली सापडणे. मान वा पाठ दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर त्याला उठवून बसवू नका, काखेत हात घालून ओढू नका. जागेवरच ठेवा, अंगावर चादर घाला आणि १०८ ला फोन करा. हाड मोडले असेल तर वरचा आणि खालचा सांधा धरून फळ्या बांधा. फळ्या नसतील तर उसाची दोन सरळ टिपरी कापडात गुंडाळून घ्या, तीही काम देतात.

साप. फडात उंदीर, उंदरामागे साप, हे आपल्याला नवे नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते, आणि ते फक्त दवाखान्यात मिळते. म्हणून चिरा देऊ नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. सूज येण्याआधी अंगठी, जोडवी, बांगड्या काढा. चावलेला हात वा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा. चालवत नेऊ नका. चावल्याची वेळ लिहा आणि थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. साप मारून बरोबर आणण्याची गरज नाही.

विंचू. टोळीच्या कोपीत, अंथरुणात विंचू निघतो. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना फार घातक. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र हे औषध डॉक्टरांनी रक्तदाब बघून द्यायचे असते. ते पेटीत ठेवू नका. घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर एक क्षणही थांबू नका.

डोळा. पाचटाचे टोक डोळ्याला लागणे ही रोजची गोष्ट, म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. सलाइनने वा स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका. वनस्पतीच्या ओरखड्यातून बुबुळावर बुरशी वाढते आणि फूल पडून नजर जाऊ शकते. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असले तर बुरशीला खतच मिळते. दुसऱ्या दिवशी डोळा लाल दिसला तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

ऊन. फाल्गुन-चैत्रात तोड चालू असली की घेरी येते, पायात गोळे येतात. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पूर्ण पुडी कालवून घोट-घोट पाजा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर तर आपल्याच कारखान्याची! मात्र माणूस बरळत असेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

भाजणे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडले की चालकाचा हात भाजतो. वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा, मग कोरड्या गॉजने सैल झाका. टूथपेस्ट, शाई, तूप काही नको.

पेटीत काय नसावे

तंबाखू, चुना, हळद, बॅटरीची काळी पूड, रॉकेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. वाईट हेतूने कुणी भरत नाही, पण अशाने जखम चिघळते आणि डॉक्टरांना आधी ती घाण काढावी लागते. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, धागे चिकटतात. कुणा दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या नकोत. आणि जखम लहान असली तरी मातीची असते, तेव्हा धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

पेटी कुणाची, खर्च कुणाचा?

आता कुणी म्हणेल, "टोळी मुकादमाची, गाडी वाहतूकदाराची, मग पेटी आम्ही का भरायची?" प्रश्न कायद्याच्या अंगाने ठीक आहे. पण फड आपला आहे आणि ऊस आपला आहे. बीड, पाथर्डी, जतकडून आलेली माणसे लेकराबाळांसह सहा महिने आपल्या बांधावर राहतात. रात्री काही झाले तर पहिली हाक मालकालाच येते. एक टन उसाच्या बिलात ही पेटी भरून वर पैसे उरतात. वाहतूकदार आणि सभासद यांनी मिळून खर्च उचलला तर कुणालाच जड नाही.

दुसरी भीती असते ती पोलिसांच्या लफड्याची. "उचलून नेले तर आपल्यालाच बसवून ठेवतील" असे अजून बोलले जाते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आले. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा वा खटला चालत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. शिवाय २०२५ सालापासून मोटार अपघातातील जखमींना नेमून दिलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजना लागू झाली आहे. तेव्हा पैशासाठी कुणी अडून राहू नये.

मोळी टाकण्याआधी

पेटी टूलबॉक्समध्ये ग्रीस-पान्यांबरोबर ठेवू नका. उन्हाने मलम वितळते आणि चिकटपट्टीचा डिंक जातो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या वा प्लॅस्टिकच्या डब्यात भरून ती सीटखाली ठेवा आणि कुलूप लावू नका. टायरगाड्यांच्या टोळीला एक पेटी पुरे; ती मुकादमाच्या कोपीत न राहता रोज फडात गेली पाहिजे. झाकणाच्या आत कागद चिकटवून त्यावर १०८ आणि ११२ हे नंबर, प्रतिविष असलेल्या जवळच्या दवाखान्याचे नाव आणि आपल्या फडाची खूण (गाव, शिवार, पाटाचा नंबर) ठळक लिहा. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही, पण लिहिलेला वाचता येतो. महिन्यातून एकदा, बिलाच्या दिवशी म्हणा हवे तर, पेटी उघडून वापरलेले सामान भरा आणि मुदती बघा.

आणि टोळीतल्या निदान दोघांना, त्यात एक बाई असावी, दाब कसा द्यायचा आणि पट्टी कशी बांधायची ते हाताने करून दाखवा. वाचून येणारे हे काम नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विनंती केली तर तासाभराचे काम आहे.

हंगामात टनेज किती, उतारा किती, याचा हिशोब आपण काटेकोर ठेवतो. आलेली टोळी पट्टा पडल्यावर सगळी माणसे घेऊन धडधाकट परत गेली, हाही त्या हिशोबातलाच एक आकडा मानावा, एवढीच सर्व सभासदांना विनंती.